एका दाताचा प्रश्न

जगात माणसं दोन प्रकारची असतात, असं म्हणून लेखाला सुरुवात करण्याची एक जुनी पद्धत आहे. ती मोडण्याइतका मी मोठा लेखक नाही. तर माणसं दोन प्रकारची असतात. गाडी दिसली की "अ‍ॅव्हरेज किती देते?" असं विचारणारी आणि "ओढते कशी?" असं विचारणारी. पहिल्या प्रकारची माणसं बहुधा बँकेत, शाळेत नाहीतर कचेरीत नोकरीला असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना खरोखरच काहीतरी ओढायचं असतं.

मी जन्मानं पहिल्या प्रकारचा, आणि पुढे बी.कॉम. झाल्यामुळे त्यावर शिक्काही बसला. पण नोकरीनं मला हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरच्या परिसरात आणून टाकलं, आणि इथली आमची गिऱ्हाइकं सगळी दुसऱ्या प्रकारची निघाली. पूर्णा नदीवरचं धरण, त्याचे कालवे, काळी माती आणि हळद. ही हळद वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची तर गाडी लागते, आणि गाडी म्हटलं की पिकअप. हा शब्द इकडे दोन अर्थांनी चालतो. मागे उघडा हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप, आणि त्या गाडीची उचल म्हणजेही पिकअप. त्यामुळे "पिकअपला पिकअपच नाही" हे वाक्य कुणाला चमत्कारिक वाटत नाही. मला मात्र 'उचल' म्हटलं की थकलेला हप्ताच आठवतो.

तर असाच एक तरुण माझ्या टेबलाशी आला. जुन्या पिकअपसाठी कर्ज हवं होतं. दोन गाड्या पाहिलेल्या, रंग एक, किंमत जवळजवळ एक. "साहेब, एक अ‍ॅव्हरेजची हाय अन् एक ओढीची. कंची घिऊ?" असा त्याचा प्रश्न. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत असा फरक कसा, हे मी आमच्या चहाच्या टपरीशेजारच्या मिस्त्रीला विचारलं. त्यानं हात पुसले आणि मला जे सांगितलं, त्याला मी आजही तत्त्वज्ञानच म्हणतो.

गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो. त्याला ही मंडळी 'हाउसिंग' म्हणतात. त्यात एक मोठं दातेरी चाक, ते क्राऊन. त्याला फिरवणारं लहान चाक, ते पिनियन. समजा, क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १०. मग मागची चाकं एकदा फिरायला इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टला ४.१ वेळा फिरावं लागतं. पिनियनला १० ऐवजी ११ दात दिले की तोच आकडा ३.७३ होतो. बस्स, एका दाताचा फरक! पण ४.१ वाली गाडी त्याच इंजिनात चाकाला १० टक्के जास्त जोर देते, आणि ३.७३ वाली तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरवते.

आकडे दिसल्यावर मला राहवेना. चाकाचा घेर २ मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाक ५०० वेळा फिरतं. ज्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट बरोबरीनं फिरतात, त्या गिअरमध्ये ४.१ वाल्या इंजिनाला किलोमीटरमागे २,०५० फेरे घालावे लागतात आणि ३.७३ वाल्याला सुमारे १,८६५. म्हणजे दर किलोमीटरला १८५ फेऱ्यांची बचत! मी तर मनातल्या मनात कर्ज मंजूरही करून टाकलं.

"साहेब, फेरे वाचले म्हंजी डिझेल त्याच हिशोबानं वाचतं असं न्हाई," मिस्त्री म्हणाला. आणि खरंच आहे. वारा कापायचा तो कापावाच लागतो, वजन वाहायचं ते वाहावंच लागतं, टायर जमिनीला घासायचे ते घासतातच. वाचतं ते फक्त इंजिनानं स्वतःच्या अंगाशी केलेल्या झटापटीपुरतं. त्यातून हौद्यात हळदीची पोती भरली आणि समोर चढ आला, की अ‍ॅव्हरेजवाली गाडी धापा टाकू लागते. ड्रायव्हर गिअर खाली आणतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, आणि सपाटीवर वाचवलेलं डिझेल चढावर परत करतो. काटकसर ही बऱ्याचदा सपाट रस्त्यावरचा सद्गुण असतो.

इथे खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो गाडीचा नाही. गिअर ड्रायव्हरला हवा तेव्हा बदलता येतो, पण हाउसिंगमधले दात एकदा बसले की बसले. ते बदलायचे तर गाडी आडवी करावी लागते. माणसाचंही तसंच असतं. मनःस्थिती रोज बदलते, पिंड सहसा बदलत नाही. मग हा पिंड कोणत्या दिवसासाठी बसवावा? वर्षातल्या ३५० सरळ दिवसांसाठी, की चिखलाच्या १५ दिवसांसाठी? बारा महिने जादा डिझेल जाळणारा मूर्ख, की ऐन वेळेला धापा टाकणारा?

आमच्या शाखेत दोन्ही प्रकारची खाती आहेत. वाईट दिवसासाठी म्हणून जन्मभर मुदतठेवी ठेवणारे, आणि चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा शिवून घेऊन पासबुक भरायला येणारे एक आजोबा आहेत. दर महिन्याला खातं शून्यावर आणून मजेत राहणारे एक गुरुजीही आहेत. कोण शहाणं, हे पासबुकावरून कळत नाही. धरणाचंही तेच. १९६८ साली पूर्ण झालेलं हे सिद्धेश्वर आणि त्याच्या वरच्या अंगाला येलदरी. पाऊसकाळ चांगला झाला की एवढा दगडमातीचा खर्च कशाला केला, असं एखाद्याला वाटावं. पाऊस पाठ फिरवतो त्या साली मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. कर्णाचंच घ्या. आयुष्यभर दान दिलं, कवचकुंडलं दिली, आणि हिशेब झाला तो एका रुतलेल्या चाकाचा!

त्या तरुणानं शेवटी ओढीची गाडी घेतली. घेताना म्हणाला, "अ‍ॅव्हरेजचं मी बघून घीन, साहेब." हप्ते तो वेळेवर भरतो. पण मला सांगायचंय ते हप्त्यांचं नाही.

भर पावसाळ्यात एका रात्री शेतातल्या वस्तीवरून त्याला बोलावणं आलं. कुणाची तरी सून अडली होती. ती आणि तिची सासू पुढच्या सीटवर, मागचा हौदा रिकामा. काळ्या रानातून जाणाऱ्या वाटेत गाडीचं मागचं चाक बसलं. आता ४.१ चा जोर कामाला यावा की नाही? तो लावला तसं चाक जागच्या जागी गरगरलं आणि आणखी खाली गेलं. टायरची जमिनीवर जेवढी पकड, तेवढाच जोर उपयोगी. बाकीचा नुसता चिखल उडवतो. त्यातून मागच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देण्याची हाउसिंगमधली व्यवस्था अशी, की घसरणाऱ्या चाकाला पेलतो तेवढाच जोर दुसऱ्या, बऱ्या चाकाच्याही वाट्याला येतो. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, असं आपण ऐकतो. चिखलात चाक फिरण्यात मात्र काहीच पुण्य नाही.

मग वस्तीवरची सहा-सात माणसं धावत आली. मला वाटलं, ढकलायला. ती हौद्यात चढली आणि मागच्या टोकाला दाटीवाटीनं उभी राहिली. चाकाखाली पऱ्हाट्या टाकल्या, तरुणानं पहिला सोडून दुसरा गिअर टाकला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी निघाली. रिकाम्या हौद्याची मागची चाकं हलकी असतात, म्हणून घसरतात. वर वजन आलं की त्यांचे पाय जमिनीला लागतात. दवाखान्यात मुलगी झाली. बारशाचे पेढे आमच्या शाखेतही आले.

तो तरुण हे सांगत होता तेव्हा मी त्याच्या कर्जखात्याचा उतारा काढत होतो. एका दाताचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. कुठे जायचंय ते ओळखून माणसानं तो सोडवावा. पण जोर आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोर स्वतःच्या इंजिनाचा असतो. पकड येते ती वर चढून उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. ज्यांना आपण रोज ओझं म्हणतो, तीच ही माणसं असतात: म्हातारे आईवडील, शिकणारी मुलं, वेळीअवेळी दार वाजवणारा शेजारी. त्यांच्यामुळे अ‍ॅव्हरेज कमी पडतं, हे मी बी.कॉम. असल्यामुळे आकड्यांनिशी सिद्ध करू शकतो.

पण हौदा अगदीच रिकामा असला, तर चिखलात काय करायचं, याचं उत्तर कोणत्याही खतावणीत सापडत नाही.