वारसा कोणाचा?

घरातील विद्या घरातच राहावी, ही इच्छा स्वाभाविक खरी. पण ती न्याय्य आहे काय? वडिलांचे व्हायोलिन मुलाने उचलले नाही, आजीची लग्नगीते नातीला येत नाहीत, अशी खंत करणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. ‘आमच्याबरोबर हे संपले,’ असे ती म्हणतात. हे ऐकताना आम्हांला नाशिकच्याच एका घराची आठवण होते.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले. त्या काळी गाणे ही घराण्याची ठेव असे. खास बंदिशी पोटच्या मुलासाठी राखून ठेवल्या जात. अशा गवयांना आम्ही कृपण म्हणणार नाही. ज्याची सारी शेतीवाडी गळ्यातच, त्याने ती लेकरांसाठी जपली तर नवल कसले? पलुसकरांनी मात्र १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, परक्यांची मुले शिकविली, स्वरलिपीची पुस्तके छापली. पुढे मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकला रामभक्तीत घालविली.

त्यांचा मुलगा दत्तात्रय १९२१ साली नाशिकलाच जन्मला. तो दहा वर्षांचा असताना, १९३१ च्या ऑगस्टमध्ये, वडील गेले. एवढ्याशा पोराच्या गळ्यात किती गाणे उतरले असणार? विद्या घरातच कोंडली असती, तर ती त्याच दिवशी चितेवर गेली असती. परंतु ती विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास अशा शिष्यांपाशी होती. त्यांनी गुरूचे गाणे गुरुपुत्राच्या ओंजळीत घातले. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला.

याला परतफेड म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. शिकविताना बापाने असा काही करार केला नव्हता. मुलाचे पोरकेपण त्याला कोठून दिसणार? आणि मुलावर तरी गाण्याची सक्ती होती काय? देणे हे थोरांचे कर्तव्य. घेणे धाकट्यांच्या खुशीवर सोडावे लागते. हे सोडणे फार जड जाते, हे आम्ही जाणतो.

दत्तात्रयबुवा १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांचे गाणे आज जे गातात, त्यांतील बहुतेकांशी त्यांचे रक्ताचे नाते नाही.

रविवारी मिस्सा संपल्यावर गायकवृंदाच्या पेटीभोवती दोन-तीन मुले रेंगाळत असतात. ती वादकाची कोणी लागत नाहीत.