जिभेलाही दीक्षा हवी



आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. देव्हाऱ्यातील देव बोळवले, भिंतीवर तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. हे सर्व योग्यच झाले. परंतु दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरात कोणते शब्द उच्चारले गेले, हे कधी आठवून पाहिले आहे काय? दूध उतू गेले म्हणून सून 'सटवी' झाली. मुलगा उशिरा उठला म्हणून 'मुडदा' झाला. देव्हाऱ्यातून सटवाई गेली, पण जिभेवरून गेली नाही! मग दीक्षा कोणी घेतली? हातांनी घेतली, कपाळाने घेतली. जीभ मात्र जुन्याच धर्मात राहिली.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की, चौथे शील म्हणजे फक्त खोटे न बोलणे. परंतु अष्टांगिक मार्गातील सम्यक वाणी याहून व्यापक आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये आणि वायफळ बडबड करू नये, असे तिचे चार भाग आहेत. यांपैकी एकही मोडला तर काय अनर्थ होतो, हे आपल्या रायगड जिल्ह्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर गावात एक आवई उठली, "हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार." ती धादांत खोटी होती. पण तेवढ्या एका खोट्या वाक्यावर जमाव लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर चालून आला आणि निःशस्त्र माणसांची डोकी फुटली. आपल्या माणसांत लष्करातून आलेले गडी होते. बाबासाहेबांच्या एका शब्दावर त्यांनी प्रतिकार केला असता. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. शांत राहा, असेच सांगितले. एका शब्दाने डोकी फुटली आणि एका शब्दाने रक्तपात टळला. वाणीचे बळ ते हेच.

भगवान बुद्धांनी भिक्खूंसाठी जे विनयाचे नियम घालून दिले, त्यांत अपमानकारक भाषणाविरुद्ध स्वतंत्र नियम आहे. कोणाला त्याच्या जन्मावरून, नावावरून, गोत्रावरून, धंद्यावरून किंवा आजारावरून हिणवणे हा तेथे दोष मानला आहे. त्या संदर्भात नंदिविसाल बैलाची जातककथा सांगितली जाते. पूर्वजन्माचा भाग बाजूला ठेवा आणि बोध तेवढा घ्या. तक्षशिलेत एका माणसाने पैज लावली की, माझा बैल शंभर भरलेल्या गाड्या एकट्याने ओढील. ऐन वेळी त्याने बैलाला 'लबाडा, ओढ!' अशी हाक दिली. बैल जागचा हलला नाही आणि मालक हजार नाणी हरला. घरी बैलाने विचारले, "तुझ्या घरात मी कधी एखादे मडके तरी फोडले काय? मग मला लबाड का म्हणालास?" पुन्हा दोन हजारांची पैज लागली. या खेपेस मालकाने त्याला मायेने हाक मारली आणि शंभर गाड्या हलल्या. जनावराला जे कळते, ते आपल्या लेकराला कळत नसेल काय?

आता एक कडू गोष्ट सांगतो. राग मानू नका. आपले पोर मातीत लोळून आले, केस विंचरले नाहीत, की आपल्या वस्तीतही सहज तोंडातून निघते, "काय कातकऱ्यासारखा राहतोस!" बंधूंनो, कातकरी हा याच डोंगरात आणि याच खाडीकाठी कष्ट करून जगणारा आपला शेजारी आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांची जात हीच शिवी केली गेली, त्यांनी दुसऱ्याच्या जमातीची शिवी करावी? मग मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी कशासाठी जाळली? पोथी जळाली, आणि तिची भाषा आपण तोंडात सांभाळून ठेवली! 'चांभारचौकशी' हा शब्दही त्याच गोत्रातला. जी शिवी आपल्याला लागली, ती आपल्या तोंडून दुसऱ्याला लागता कामा नये.

वाणी दुसऱ्यापुरतीच नाही. आपण स्वतःशी काय बोलतो? "आमच्या नशिबात हेच," "आपण खालची माणसं," "माझं डोकं कुठं चालतंय." ही वाक्ये आपल्याला शत्रूने शिकवली आणि आपण ती घोकून पाठ केली. नशीब मानणाऱ्या धर्मातून आपण बाहेर पडलो आहोत. आता 'नशिबात नाही' असे म्हणू नका, 'अजून शिकलो नाही' असे म्हणा. थेरगाथेत सुनीत थेर स्वतःची हकीकत सांगतात. हीन समजल्या गेलेल्या कुळात जन्म, कोमेजलेली फुले झाडून टाकण्याचे काम, सगळ्यांपुढे मान खाली. तथागतांनी त्यांना कोणत्या शब्दाने बोलावले? भिक्खू म्हणून. त्या एका संबोधनाने त्यांची मान वर झाली.

जग ठेवू नये म्हणून, किंवा पोर जगावे म्हणून, आपल्या मागच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू अशी नावे ठेवीत. आज आपल्या घरात मिलिंद, प्रज्ञा, सुजाता आहेत. आनंद आहे. परंतु घरातील वृद्ध धोंडूबाबांच्या नावाला नातवंडांना हसू देऊ नका. 'बाबा' हा शब्द आदराने जोडा, म्हणजे त्या नावातील अपमान आपोआप गळून पडेल. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी सरकार बदलील. तोंड आपणच बदलायचे आहे.

भगिनींनो, नव्या सुनेच्या घरात पाऊल ठेवल्यावर कोणी आजारी पडले, की तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. आजाराला कारण असते, ते डॉक्टरला विचारावे. सुनेच्या पायात ते शोधणे हे क्रौर्य आहे आणि अधम्मही आहे. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा व मुलींना शिकवण्याचा उपदेश केला. समाज घडवण्याच्या कामातील बरोबरीच्या सहकारी म्हणून ते त्यांच्याशी बोलले. घरातील पुरुषांनी "तुला काय कळतंय?" हे वाक्य त्याच दिवशी सोडायला हवे होते. निदान आज सोडावे.

कोणी विचारील, मग आम्ही अन्यायापुढेही गोडच बोलावे काय? मुळीच नाही! 'जोहार मायबाप' हे शब्द मऊ होते, पण ती मैत्री नव्हती, लाचारी होती. अभय राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, "याच्या तोंडात खडा गेला तर काय कराल?" राजकुमार म्हणाला, "रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया येते." तथागतही असेच बोलत. सत्य व हितकारक असेल तर अप्रियही बोलत, पण योग्य वेळ पाहून. खडा काढावा, बाळाचे तोंड ओरबाडू नये. खोटी मजुरी देणाऱ्याला 'हे खोटे आहे' असे डोळ्याला डोळा देऊन सांगा. त्याच्या आईवरून शिवी द्यायची गरज नाही.

तेव्हा येत्या पौर्णिमेपर्यंत एवढे करून पाहा. बोलण्यापूर्वी मनाला विचारा: हे खरे आहे काय, हिताचे आहे काय, वेळेवर आहे काय, सौम्य आहे काय, मैत्रीने आहे काय? घरातील प्रत्येकाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारा. तोंडातून शिवी गेलीच, तर लहान मुलासमोरही 'चुकलो' म्हणा. त्याने बापाचा मान कमी होत नाही. त्या घरात धम्म आला, हे मुलाला कळते.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.