शोधणाऱ्याची अमानत



दिव्य कुरआनमध्ये सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, एखाद्या दुराचारी माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करून घ्यावी, अन्यथा अजाणतेपणी कुणाची हानी होईल. आज बातमी आणणारा कोण, हेच आपल्याला ठाऊक नसते. गूगलवर आपण चार शब्द लिहितो आणि वर येईल त्यालाच दीन समजतो. शोधयंत्र शब्द जुळविते, कोणते पान लोकांच्या उपयोगाचे दिसते याचा अंदाज घेते. सांगणाऱ्याच्या सचोटीची पारख मात्र ते करीत नाही. वरच्या काही जागा पैसे देऊन घेतलेल्या असतात. तेथे ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

ज्ञानासाठी चीनपर्यंतही जावे, हे वचन आपल्या कितीतरी कार्यक्रमांत हदीस म्हणून सांगितले जाते. नुसते शोधले तर ते शेकडो ठिकाणी सापडेल. परंतु इब्ने जौझी (मृत्यू हिजरी 597) यांनी त्याची नोंद बनावट हदीसींच्या आपल्या संग्रहात केली आहे. ज्ञान मिळविणे प्रत्येक मुस्लिमावर फर्ज आहे, हे कथन मात्र सुनन इब्ने माजामध्ये 224 क्रमांकावर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावे जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्यासाठी नरकाग्नीचा इशारा आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे बोट संदेश पुढे पाठविताना थरथरले पाहिजे.

म्हणून शोधताना हदीसमधील एखादा ठळक शब्दसमूह, शक्य असल्यास अरबी लिपीत, दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. मग शोधयंत्र तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पाने पुढे आणते. सोबत ग्रंथाचे नाव आणि ‘सनद’ किंवा ‘ज़ईफ’ हा शब्द जोडावा. सुन्नह डॉट कॉमसारख्या एकाच संकेतस्थळात शोधायचे असेल, तर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, लगेच दोन टिंबे आणि जागा न सोडता संकेतस्थळाचे नाव लिहावे. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने गळतात.

खरी मेख प्रश्नातच असते. ‘अमुक हराम आहे ना?’ असे विचारले की हराम म्हणणारीच पाने पुढे येतात. त्याऐवजी ‘अमुक गोष्टीचा हुकूम’ असे लिहावे आणि मसलकाचे नाव जोडावे. कोकणातील आपली बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत. त्यांच्यातील एखाद्या सुनेने कोळंबीविषयी शोधले आणि समोर हनफी फतवा आला, तर त्यात कोळंबी मासा आहे की नाही यावरचा मतभेद तिला दिसेल. शाफई मसलकात तर तिच्याविषयी अडचणच नाही. असरच्या नमाजची वेळही दोन्ही मसलकांत वेगळी आहे. एवढ्याशा शब्दाअभावी घरात वाद होतात.

कोळंबीचे एकवेळ निभावेल. पण रागाच्या भरात तलाकचा शब्द तोंडून गेलेला एखादा तरुण मध्यरात्री मोबाइल उघडतो, दहा उत्तरे वाचतो आणि मनाजोगते एक उचलतो. त्याने प्रश्नात घडले ते सगळे लिहिलेले नसते. पत्नीची बाजू तर नसतेच. अशा वेळी शोध एवढ्यासाठीच करावा की जवळचा दारुल इफ्ता कोठे आहे आणि तो किती वाजता उघडतो. सकाळी दोघांनी मिळून तेथे जावे आणि बोललेले शब्द जसेच्या तसे सांगावेत.