प्रतिमेचा मान, माणसाचा मान

एखाद्याची प्रतिमा आदराने जपली म्हणजे त्या माणसाचा आदर केल्यासारखे होते काय? अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिन याने १८३२ साली रंगविलेल्या एका व्यक्तिचित्रापुढे हा प्रश्न उभा राहतो.

मिसुरी नदीकाठच्या फोर्ट युनियन या व्यापारी ठाण्यात काढलेले हे चित्र ब्लॅकफूट राष्ट्रसंघातील काइनाय लोकांच्या प्रमुखाचे आहे. त्याचे नाव स्टुमिकोसक्स, म्हणजे बायसनच्या पाठीवरची चरबी. हा अर्थ आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांचे सारे जीवन बायसनवर अवलंबून होते, त्यांच्या लेखी तो सर्वांत रुचकर घास होता. अंगात कातड्याचा अंगरखा, छातीवर साळिंदराच्या काट्यांचे वर्तुळाकार नक्षीकाम, हाती लांब नळीची चिलीम. मुद्रेवर लाचारी नाही आणि उसना रुबाबही नाही. ज्यांना इतर लोक रानटी म्हणत, त्यांच्यात कॅटलिनला राजपुरुष दिसला, हे त्याचे श्रेय होय.

तथापि हे लोक लवकरच नामशेष होणार, तेव्हा त्यांची रूपे तरी राखावीत, अशी त्याची धारणा होती. पुढे लंडन व पॅरिस येथे चित्रांबरोबर त्याने जिवंत मूलनिवासींनाही पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकांपुढे उभे केले. १८४६ साली हेच चित्र पॅरिसच्या सालों प्रदर्शनात झळकले. कवी बोदलेअरने कॅटलिनची वाखाणणी केली. चित्रे गौरविली जात होती आणि ज्यांची ती चित्रे, त्यांची भूमी हातची जात होती.

ख्रिस्तसभेलाही या हिशेबातून सुटका नाही. काइनाय लोकांच्या राखीव प्रदेशात कॅथोलिक निवासी शाळा होती. कॅनडातील अशा शाळांतून मूलनिवासी मुलांचे केस कापले गेले, त्यांच्या मातृभाषेला बंदी झाली. पूर्वजाचे लांब केस चित्रात शोभिवंत ठरले. नातवंडांच्या केसांना मात्र कात्री लागली! २५ जुलै २०२२ रोजी अल्बर्टातील मास्क्वासिस येथे परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी याबद्दल क्षमा मागितली.

इ. स. ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने शिकविले की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही; जिची ती प्रतिमा, त्या व्यक्तीपर्यंत तो पोहोचतो. संतांच्या तसबिरींपुढे आपण मेणबत्ती लावतो ती याच श्रद्धेने. तोच निकष येथे लावला पाहिजे. कॅनव्हासपाशीच अडून राहिलेला मान हा मान नव्हे. ते केवळ रसिकतेचे समाधान होय. शिवाय उत्पत्तीच्या ग्रंथानुसार प्रत्येक मनुष्य हीच देवाची प्रतिमा. मग चित्र कितीही थोर असले, तरी समोरच्या जिवंत चेहऱ्याची सर त्याला कशी यावी?

आज ते चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे. काइनाय लोक मात्र नामशेष झाले नाहीत. ते अल्बर्टात नांदत आहेत, आपली भाषा मुलांना शिकवीत आहेत. त्या प्रमुखाचा मान राखायचा असेल, तर आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल.