धार आणि मुद्दल

चाळिशी आली की माणसाला आधी चाळिशी लागते आणि मग छंद लागतो. चाळिशीचा नंबर डॉक्टर काढून देतात. छंदाचा नंबर ज्याचा त्यानं काढायचा असतो. माझा लाकडावरच्या कोरीवकामावर निघाला. त्याला कारणही तसंच होतं. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हत्यारांची पेटी आमच्या घोरावाडीच्या घरात माळ्यावर पडून होती. दादा सुतार, मी बी. कॉम. ते लाकूड तासत, मी बँकेत तास भरतो. घराण्याची परंपरा म्हणायची ती एवढीच.

पेटीतून सात पटाश्या निघाल्या. दोन सपाट, पाच गोल, सातही गंजलेल्या. एक दगडही निघाला. दादा त्याला निसणा म्हणत. वापरून वापरून तो मध्ये होडीसारखा खोलगट झाला होता. तो मी 'सदोष' ठरवून मोरीत ठेवला. सौ. त्यावर कपड्यांचा साबण ठेवू लागली.

सौ.ला देव्हाऱ्यासाठी एक कोरीव महिरप हवी होती. मी म्हणालो, "आधी धार लावून घेतो, मग लगेच सुरू करतो."

या वाक्याला येत्या गणपतीत तीन वर्षं होतील.

तोवर मी दगड म्हणजे दगड असं मानणाऱ्या सज्जनांपैकी एक होतो. दुकानात गेलो आणि एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं बारीक असा कार्बोरंडमचा करडा दगड घेऊन आलो. हा पदार्थ एडवर्ड अॅचेसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाला 1891 साली सापडला. माती आणि कोक विजेनं तापवून कृत्रिम हिरा करता येतो का, हे तो पाहत होता. करायला गेला हिरा आणि झाला निसणा. पण निसणा असा झाला की पोलाद त्याच्यापुढे मऊ.

मग कुणीतरी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली आणि माझा घात झाला. दगडांना नंबर असतात. चारशे, हजार, तीन हजार, आठ हजार. नंबर जेवढा मोठा तेवढे कण बारीक. मोठ्या आकड्यामागे बारीक माल, हे बँकेतल्या माणसाला चटकन पटतं. मी चारही मागवले. जपानी दगड पाणी पितात, अमेरिकेतल्या अर्कान्साचे दगड तेलावर चालतात, आणि एकदा तेलाची सवय लागलेला दगड पुन्हा पाण्याला विचारत नाही. तोही एक मागवला. गोल पटाशीच्या पोटातून फिरवायला गोल काठाचा चिंचोळा दगड वेगळा. शेवटचा हात फिरवायला चामड्याचा पट्टा. सौ.नं ती ओळ पाहिली आणि म्हणाली, "देव्हाऱ्यात आता हेच मांडा. शाळिग्राम म्हणून खपतील."

तरी या कामात गंमत आहे, हे मी शपथेवर सांगेन. पटाशी वीस-पंचवीस अंशांत टेकवायची आणि कोन न ढळू देता घासायची. गोल पटाशी असली तर मनगट वळवत वळवत. बराच वेळ काहीच होत नाही. मग पात्याच्या पलीकडच्या अंगाला बोट लावलं की बारीकशी कड खुपते. ती आली म्हणजे दगड काठापर्यंत पोचला. मग बारीक दगडावर ती कड काढायची, पट्ट्यावर उतरवायची आणि हातावरचे केस भादरून धार तपासायची. तीन वर्षांत माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा झाला.

शिवाय दगडही झिजतो. मध्ये खोल गेला की तो सपाट करायला दुसरा दगड लागतो. त्या दुसऱ्याला सपाट ठेवायला तिसरा. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. सौ. याला माझी अवस्था म्हणते.

महिरपीची फळी कपाटामागे उभी होती. तिच्यावर पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती.

अशात एक दिवस दादांच्या बरोबरीनं काम केलेले एक म्हातारे मिस्त्री घरी आले. मी मोठ्या अभिमानानं पटाश्या मांडल्या. त्यांनी सर्वांत रुंद पटाशी तळहातावर घेतली.

"काय काय कोरलंस?"

"अजून काही नाही, काका. धार लावतोय."

ते बराच वेळ पातं पाहत राहिले. मग म्हणाले, "नवी घेतली तवा ईतभर होती ही. तुझ्या बाच्या हातात निम्मी झाली. ती झीज कुठं गेली ठावं हाय? ह्या घराच्या चौकटी, तुझ्या आत्याचा पलंग, तुझी कालेजची फी. आन् त्येच्या म्होरं ही बोटभर कमी झालीया, ती कुठं गेली?"

मला उत्तर माहीत होतं. प्रत्येक चित्रफितीत कोन निराळा, म्हणून मी वीसाचे पंचवीस आणि पंचवीसाचे पुन्हा वीस करत बसलो होतो. ते बोटभर पोलाद रोज संध्याकाळी दगडावर काळा चिखल होऊन येत होतं आणि मी ते फडक्यानं पुसून टाकत होतो.

इतकी वर्षं बँकेत काढून मला हे कळायला हवं होतं. धार बाहेरून येत नाही. ती पात्याच्या मुद्दलातून काढावी लागते. दादांनी मुद्दल खर्च केलं आणि घर उभं केलं. मी तेच मुद्दल काढलं, पण खर्ची काही घातलं नाही. बँकेत याला अपहार म्हणतात.

चंदनासारखं झिजावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पण नुसत्या झिजण्यात कसलं आलंय पुण्य? चंदन झिजतं तेव्हा गंध निघतं आणि ते कुणाच्या तरी कपाळी लागतं, म्हणून चंदनाचं कौतुक. याचा अर्थ बोथट राहावं असा नाही. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, फाडते. आणि जोर लावला की सटकून हातात घुसते. धार हवीच. प्रश्न एवढाच, की ती कामासाठी लावतो आहोत, की काम टाळण्यासाठी? पहिला घाव चुकेल ही भीती असली की माणूस हजारचा दगड सोडून आठ हजारचा घेतो. भावाशी अबोला धरलेला माणूस योग्य शब्द शोधत दहा वर्षं काढतो. तोही दगडच घासत असतो.

त्या रविवारी मी दगडांपासून पळ काढला आणि घोरावाडीला लोकल पकडली ती मळवलीची. म्हणजे पुन्हा दगडांकडेच. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली लाकडी कमानी आहेत. सुमारे दोन हजार वर्षं झाली, अजून आहेत. दर्शनी भागावरचे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. मला ब्राह्मी येत नाही, पण त्यांचं वाचन छापलेलं आहे. एका लेखात धेनुकाकट गावच्या सुताराचं नाव आहे. वेणुवासाचा मुलगा सामी. त्यानं दार केलं, एवढंच म्हटलंय. सुतारानं दगडात दार केलं! त्याच्या हत्यारांना किती वेळा धार लावावी लागली असेल, कल्पना करवत नाही. पण कोणता दगड, किती नंबरचा, तेल की पाणी, याची नोंद नाही. नोंद दाराची आहे.

घरी येऊन फळी काढली आणि एक वेल आखली. सातवी पाकळी तिरकी गेली. सौ. म्हणाली, देवाची काही हरकत दिसत नाही.

दोन दिवसांनी काका आले. त्यांनी ती तिरकी पाकळी अंगठ्यानं चाचपली. आडव्या रेषेवरचा एक काप उजेडात धरून पाहिला. तो चकाकत नव्हता, जरा कुसळ्या दिसत होत्या. धारेची परीक्षा लाकडावर घ्यायची असते, हातावरच्या केसांवर नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

काका उठले, मोरीत गेले आणि साबण बाजूला काढून दादांचा खोलगट दगड घेऊन आले. मी 'सदोष' म्हटलेला. त्याच्या खळग्यात त्यांनी गोल पटाशी ठेवली. माप घेऊन केल्यासारखी ती तिथं बसली.

"आता लाव धार," ते म्हणाले.