स्वयंसेवेचे लेखाशीर्ष

2022च्या पावसाळ्यात धाराशिव, लातूर आणि बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. दुबार पेरण्या झाल्या, पंचनामे झाले, भरपाईची निवेदने गेली. या किडीवरचा उपाय काही फार गहन नव्हता. संध्याकाळी गोणपाटे गुळाच्या पाण्यात भिजवून रानात ठिकठिकाणी टाकायची, सकाळी ऊन चढायच्या आत त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारायच्या. ही शिफारस छापून आली होती, मोबाइलवर फिरतही होती. पण एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या पडीक रानातून, बांधावरच्या गवतातून त्या पुढच्या रात्री पुन्हा येतात. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात वेचले तरच त्या वेचण्याला अर्थ. माहिती गावात पोचली होती. शिवाराला एकत्र रानात उतरवणारे माणूस मात्र बहुतेक गावांत नव्हते. असे माणूस कुठून येते आणि कशाने टिकते, याचे उत्तर आपण सहसा ‘सेवाभाव’ या एका शब्दात देऊन मोकळे होतो. मला ते उत्तर अपुरेच वाटत नाही, घातकही वाटते. गावातला स्वयंसेवक त्यागावर टिकत नाही. त्याच्या पाठीमागे पगारी, कायमचे आणि चालत जाता येईल इतके जवळचे एखादे ठिकाण असते, म्हणून तो टिकतो.

ज्या देशाकडून आपण ‘विस्तार’ हा शब्द उचलला, त्या अमेरिकेत हे ठिकाण म्हणजे काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, विस्तार कार्यालय. त्याच्या पूर्वजाची ओळख मराठी वाचकाला वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मधून आहेच. 1906मध्ये कार्व्हर यांच्या टस्कीगी संस्थेतून निघालेली ती खेचराची गाडी, म्हणजेच चाकांवरची शाळा, कायद्याच्या आठ वर्षे आधी रस्त्यावर आली. 1914च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी महाविद्यालये आणि गावे यांच्यामध्ये पगारी माणूस कायमचा नेमला. या व्यवस्थेच्या नावातच ‘सहकारी’ हा शब्द आहे. खर्चाचा एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा आणि एक खुद्द काउंटीचा. काउंटी आपल्या तिजोरीतून पैसे घालते म्हणून तिला जाब विचारता येतो. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात शहरी लोकांच्या परसबागेच्या प्रश्नांनी ही कार्यालये बेजार झाली, तेव्हा त्यांनी एक रोखठोक सौदा काढला: आम्ही तुम्हाला नीट शिकवतो, त्या बदल्यात तुम्ही ठरलेले तास लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्या. त्यातून उभी राहिलेली ‘मास्टर गार्डनर’ योजना आज देशभर चालते. या सौद्यात कुठेही उदात्तपणा नाही, आणि तोच मला त्याचा सर्वांत चांगला गुण वाटतो. स्वयंसेवकाला काय मिळणार, त्याने काय द्यायचे, अडला तर कोणाकडे जायचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

आपणही ही व्यवस्था आणली, पण अर्धीच. 2 ऑक्टोबर 1952ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, पाठोपाठ राष्ट्रीय विस्तार सेवा आली, ग्रामसेवक आला. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीने पाहणी केली आणि लोकांचा पुढाकार जागा करण्यात हा कार्यक्रम कमी पडला, असा निष्कर्ष काढला. समितीचा उपाय होता सत्ता खाली देण्याचा. त्यातूनच पुढे वसंतराव नाईक समिती आणि 1 मे 1962पासूनच्या महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदा आल्या. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत आली. तिच्यात कर्मचाऱ्याने कोणत्या दिवशी कोणत्या गावात जायचे हे ठरलेले असे, हे चांगलेच होते. पण काय सांगायचे हेही वरूनच ठरलेले असे. गावाचा प्रश्न उलट दिशेने वर जाण्याची वाट अरुंदच राहिली. आज जिल्ह्याला साधारण एक कृषी विज्ञान केंद्र असते. धाराशिवचे केंद्र तुळजापूरला आहे आणि त्याने आठ तालुक्यांना पुरायचे आहे. कृषी खात्याच्या ‘आत्मा’ योजनेत दोन गावांना मिळून एक शेतकरी मित्र, नाममात्र मानधनावर. दोन गावांत एक, ही कल्पना धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूर गावाला नवी वाटू नये. इथला खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो, आणि ही वाटणी दोन्ही गावे पिढ्यान्पिढ्या करार करून पाळतात. फरक एवढाच की देव परत कधी येणार हे दोन्ही गावांना पक्के ठाऊक असते. योजनेचा माणूस परत येईल की नाही, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

अणदूरचेच नाव मी घेतो त्याला कारण आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’चे काम रुजवले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीतून आलेल्या या संस्थेने आसपासच्या गावांतल्या अल्पशिक्षित बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. जुलाब, ताप, जखमा, बाळंतिणीची काळजी आणि कोणत्या रोग्याला वेळ न घालवता पुढे धाडायचे याची पारख, एवढे ज्ञान त्यांच्या हाती आले. माझा मुद्दा इथे पुरता स्पष्ट होतो. भारतवैद्य ही अर्धी डॉक्टर नव्हे, ती पूर्ण शेजारीण असते. तिचे औषध लागू पडते त्याचे अर्धे श्रेय तिच्या शेजारपणाला आहे. पण तिच्या शब्दाला गावात वजन येते ते अणदूरच्या दवाखान्यामुळे. तिने पाठवलेल्या रोग्याला तिथे कोणी परतवून लावत नाही, आणि चुकली तर तिला पुन्हा बसवून शिकवले जाते. हा आधार काढून घेतला, तर तीच बाई चार महिन्यांत गावाच्या थट्टेचा विषय होईल.

हा निव्वळ भाबडा विश्वास नाही. धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970पासून हेच सूत्र राबवले. त्यांच्या यशाच्या कथा जगभर सांगितल्या जातात आणि कथांना नेहमी थोडी साय धरते. म्हणूनच 2010मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेली तुलना मला महत्त्वाची वाटते. तीत प्रकल्पातली आणि प्रकल्पाबाहेरची गावे ताडून पाहिली, तेव्हा पहिला महिना पार केलेल्या बालकांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातल्या गावांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्याच्या आतल्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. यश मोठे आहे, पण त्याला मर्यादा आहे. नेमकी ती उणीव गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हाताळली. नवजात बाळाची घरातच काळजी घ्यायला गावातल्या बायकांना शिकवले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही ठिकाणी गावातली बाई होती, मोजका आणि नेमका अभ्यासक्रम होता. आणि तिन्ही ठिकाणी शिकवणारा माणूस तिथेच मुक्कामाला होता. जामखेडचे डॉक्टर जामखेडला राहत, अणदूरचे अणदूरला. शिबिर घेऊन संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतणाऱ्याकडून असे आकडे आलेले माझ्या वाचनात नाहीत.

यावर सर्वांत कडवा आक्षेप डावीकडून येतो आणि तो खोटा नाही. स्वयंसेवा हा सरकारला कामगार कायद्यातून सोडवणारा शब्द आहे, असे हा आक्षेप म्हणतो. 2005पासून आलेल्या ‘आशा’ ताईंचे अधिकृत मराठी नाव ‘आशा स्वयंसेविका’ आहे. हजार लोकसंख्येमागे एक, कामागणिक मोबदला, आणि कामांची यादी दरवर्षी लांबणारी. बंगांचा नवजात काळजीचा वसाही पुढे देशभर त्यांच्याच खांद्यावर आला. 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या. गौरवाने चूल पेटत नाही, हे त्यांनी सरकारला दोनदा सांगितले. मी हा आक्षेप मान्य करतो आणि त्याचाच आधार घेऊन पुढे जातो. आठवड्याचे दोन तास देणारी ती स्वयंसेविका. रोज रजिस्टर भरणारी, रात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाणारी ती कर्मचारी. दुसरीला पहिलीचे नाव देऊन आपण दोघींचीही फसवणूक करतो: एकीचा पगार बुडतो आणि खऱ्या हौसेने येऊ पाहणारीला ‘इथे राबवून घेतात’ म्हणून गाव आधीच सावध करते. कार्यालय पगारी हवे, असे मी म्हणतो ते याचसाठी. रोजचे ओझे पगारदाराने उचलले, तरच शेजाऱ्याच्या दोन तासांना स्वयंसेवा म्हणता येते.

आता सगळे मोबाइलवर मिळते, मग कार्यालय कशाला, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर गोगलगायींनी देऊन ठेवले आहे. शिवाय मोबाइलवर सल्ला देणारा कोण आणि विकणारा कोण, हे ओळखणे अवघड आहे. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार निदान समोर तरी असतो. बाटली त्याला खपवायची आहे हे शेतकऱ्याला माहीत असते आणि तो त्या हिशोबाने ऐकतो. ज्याला काहीच विकायचे नाही, असा जवळचा माणूस हीच गावातली दुर्मीळ वस्तू आहे.

मला जास्त अस्वस्थ करतो तो तिसरा आक्षेप. स्थानिक कार्यालय म्हणजे स्थानिक वजनदारांचे कार्यालय, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. अमेरिकेचा दाखलाही इथे आपल्याविरुद्ध जातो. टस्कीगीच्या गाडीतून कामाला लागलेले थॉमस कॅम्पबेल पहिल्या कृष्णवर्णीय विस्तार कर्मचाऱ्यांपैकी. पण कायदा झाल्यावर दक्षिणेतल्या राज्यांत त्याचा निधी गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या हाती गेला आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या वाट्याला वेगळी, दुय्यम सेवा आली. काउंटीचा वाटा जिथे काउंटीचा पूर्वग्रहही घेऊन येतो, तिथे ‘सहकारी’ हा शब्द पोकळ होतो. यावर पुरते औषध माझ्याकडे नाही. पण निवड कोणाची होते यावर बरेच अवलंबून असते, एवढे अनुभव सांगतो. जामखेडच्या आरोग्यसेविकांत अनेक जणी दलित होत्या, आणि त्यांच्या हातचे औषध घेताना गावाला आपली शिवाशिव गिळावी लागली. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगावच्या महिला नेमल्या गेल्या, त्यात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’चा मोठा हात होता. सिमेंट आणि अनुदानाचा व्यवहार बायकांनी समजून घ्यायचा, ही गोष्ट तेव्हा कितीतरी पुढाऱ्यांना रुचली नसेल. भूमिहीन, बायका, अल्पशिक्षित यांच्यापासून निवड सुरू करण्याची अट कार्यालयाच्या घटनेतच हवी. गावाच्या उदारपणावर ती सोपवून चालणार नाही.

पैशाचे म्हणाल तर 2015पासून वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो. त्यातला मोठा भाग पाणी-स्वच्छतेला बांधलेला आहे हे खरे, आणि उरलेला पगार-आस्थापनेवर खर्चता येत नाही हेही खरे; तरी त्यातून इतर खर्चासाठी काउंटीसारखा एक वाटा, लहान का होईना, घालता येतो. बाकीचा जिल्हा परिषदेचा आणि राज्याचा. माणसांचे म्हणाल तर अणदूरला जवाहर महाविद्यालय आहे, आणि 1969पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास देणे अपेक्षित आहे. या तासांचा बराच भाग आज रस्ते झाडण्यात आणि भाषणांत जातो. तेच तास वर्षभर विखरून, एका कायम जागेशी जोडून, शेजारच्या चार गावांच्या प्रश्नांच्या वहीला दिले तर तो मास्टर गार्डनरचाच सौदा होईल, आणि तोही आधीपासून मंजूर असलेल्या तासांत. वही हा शब्द मी जाणून वापरतो. गावाने कोणत्या दिवशी काय विचारले आणि तुळजापूरच्या केंद्राकडून किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून त्याचे उत्तर कधी आले, हे ज्या कार्यालयाच्या वहीत दिसत नाही, त्याला विस्तार कार्यालय म्हणायला मी तयार नाही.

गोणपाट जुने चालते आणि गूळ घरात असतो. मृगानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसाला संध्याकाळी दारोदार जाऊन ‘आज टाका, उद्या सगळे मिळून वेचू’ असे सांगणारी बाई, तिचे प्रशिक्षण, तिच्या मागे उघडे असणारे दार आणि तिथे बसणाऱ्याचा पगार, हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, एवढेच आपल्या अंदाजपत्रकात अजून ठरलेले नाही. पीक गेल्यावर द्यायच्या भरपाईचे लेखाशीर्ष मात्र आहे.