बागेतला पाऊस आणि वाळवणावरचा पाऊस

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी घरी, आईकडे गेलो होतो. पवित्र आठवड्यातील विधींचा शीण अंगात होता. चहाचा पेला घेऊन ओटीवर बसलो, तोच टपोऱ्या थेंबांनी पाऊस सुरू झाला. चैत्रातला पाऊस!

वसईच्या पट्ट्यातील पुष्कळ घरांप्रमाणे आमचीही एके काळी वाडी होती. विहिरीवर रहाट होता, पानवेलींचे मळे होते. आता उरली आहे ती घराभोवतीची बाग. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू आणि केळी, विहिरीकाठचा सोनचाफा, क्रुसाच्या चौथऱ्याजवळ मोगरा आणि अबोली. मार्च सरला की विहिरीचे पाणी खाली जाते आणि मचूळ लागते. ऐंशी ओलांडलेली आई तेच पाणी तांब्या-तांब्याने घालून झाडे जगवते. रोज सकाळचे दोन तास तिचे ह्या कामात जातात.

त्या सकाळी तासभर पाऊस पडला. धुळीने माखलेली पाने धुऊन निघाली. मोगऱ्याच्या कळ्यांवर पाणी थांबले. मातीचा वास ओटीपर्यंत आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "आज माझे काम देवाने केले." मी मनोमन देवाचे आभार मानले. त्या वेळी माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

संध्याकाळी धर्मग्रामात परतताना समुद्राकाठच्या कोळीवाड्यातून आलो. तिथे एरवी बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील उन्हात वाळत असतात. बोंबील मुळात पाणीदार मासा. तो नीट वाळायला तीन-चार दिवसांचे कडक ऊन लागते. गुरुवारी टांगलेले बोंबील एक-दोन दिवसांत उतरवायचे होते. पहाटेच्या पावसाने ते सारे भिजले होते. वाळूवर पसरलेला जवळा चिखलासारखा झाला होता. असा माल एकदा भिजला की त्याला वास येतो, किडे पडतात आणि शेवटी तो खताच्या भावाने द्यावा लागतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर ह्याच सुक्या मासळीवर कित्येक घरांचे दोन महिने निघतात. बायका निमूटपणे जवळा गोळा करीत होत्या. त्यांतील एका वृद्ध बाईने मान वर करून विचारले, "फादर, आपल्या देवळात पावसासाठी प्रार्थना होते ना? मग हा पाऊस कोणी मागितला होता?"

तिच्या स्वरात राग नव्हता. ती खरोखरच विचारीत होती. मला उत्तर देता आले नाही. हा पाऊस मी मागितला नव्हता. पण सकाळी त्याच पावसाबद्दल मी आभार मानले होते, हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. ज्या देणगीने माझे अंगण फुलले, तिनेच माझ्या बहिणीचे वाळवण नासले असेल, तर माझे आभार निर्दोष राहतात काय?

पवित्र शास्त्राला हे दोन्ही पाऊस ठाऊक आहेत. पॅलेस्टाईनमध्ये शरद ऋतूत आलेला पाऊस नांगरटीला उपयोगी पडतो आणि वसंतातला पाऊस पिकाचे दाणे भरतो. मराठी बायबलमध्ये त्यांना आगोटीचा आणि वळवाचा पाऊस म्हटले आहे आणि संदेष्टा योएल त्यांना देवाचा आशीर्वाद मानतो. पण गहू कापणीला आलेला असताना शमुवेलाच्या विनवणीवरून गडगडाटासह पाऊस पडला, तेव्हा लोक भयभीत झाले. नीतिसूत्रांचा कर्ताही कापणीच्या वेळचा पाऊस अनुचित गोष्टींत गणतो. पाणी तेच, त्याची वेळ आणि ज्याच्यावर ते पडते त्याची स्थिती बदलली की आशीर्वादाचे संकट होते. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पिता सारखाच पाऊस पाडतो, असे प्रभू येशूने सांगितले. ते पित्याच्या औदार्याचे वर्णन आहे. हे वचन आपण बहुधा बागेत बसून वाचतो. वाळवणाशेजारी उभे राहून क्वचितच वाचतो.

मग प्रार्थनेचे काय? माळी पाऊस मागतो, कोळीण ऊन मागते. देवाने कोणाचे ऐकावे? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्या प्रश्नाचा विचार केला आहे. आपण देवाचे मन बदलण्यासाठी प्रार्थना करीत नाही, असे ते सांगतात. जे प्रार्थनेच्या द्वारे द्यावे असे देवाने योजले आहे, ते मिळावे म्हणून आपण प्रार्थना करतो. म्हणजे पाऊस हा बहुमताने ठरत नाही. माझ्या आभारांमुळे तिचे बोंबील भिजले नाहीत. आईचा आनंद कोणाकडून हिरावून घेतलेला नव्हता. ह्या अर्थाने आमचे मन स्वच्छ होते, असे सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान मला सांगते.

परंतु तेवढ्याने समाधान होत नाही. "मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?" ह्या अर्थाचा प्रश्न काइनाने केला, तो भावाचा वध केल्यानंतर. आपण कोणाचा वध करीत नाही, आणि म्हणूनच कदाचित तोच प्रश्न आपण अधिक निर्धास्तपणे विचारतो. शिवाय आज आपण इतकेही अजाण नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही चक्रीवादळे अरबी समुद्रातून गेली. हा समुद्र तापत आहे, हे शास्त्रज्ञ सांगतात. एका सरीचा दोष कोणा एकावर ठेवता येत नाही. पण बिघडलेल्या हवामानाचा पहिला आघात गरिबांवर होतो, हे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात बजावले आहे.

त्या संध्याकाळी माझ्या जिभेवर एक तयार वाक्य आले होते: "देवाची इच्छा." ते मी गिळले, ह्याचे मला आज समाधान वाटते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशी जमिनीवर नुसते बसले होते, तोपर्यंत ते खरे मित्र होते. ते स्पष्टीकरण देऊ लागले आणि चुकले.

रात्री आईला फोन केला आणि सारे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या झाडांना पाणी मिळाले, त्याचा आनंद मी खोटा कसा म्हणू? पण उद्या मला पाणी घालायचे नाही. ते दोन तास माझ्याकडे शिल्लक आहेत. बसून करण्यासारखे काही काम असेल तर मी येते."

ईस्टर आठवड्यातील मंगळवारी मिस्सामध्ये संत योहानाच्या शुभवर्तमानातील एक उतारा वाचला जातो. मग्दालिया मरिया बागेतील कबरीपाशी रडत उभी आहे. पुनरुत्थित प्रभू तिला दिसतो आणि तिला तो माळी वाटतो. ओळख पटल्यावर तिला तिथेच, त्याच्या पायाशी थांबावेसे वाटले असेल. प्रभू मात्र तिला आपल्याला धरून न राहता बंधूंकडे जायला सांगतो. हा उतारा मी कित्येक वर्षे वाचत आलो. बागेत झालेला आनंद खरा होता, तरी तो बागेत ठेवून घेण्यासाठी नव्हता, हे मला त्या मंगळवारी वाचताना प्रथमच जाणवले.

मिस्सानंतर मी चार शब्द सांगितले. धर्मग्रामाचे सभागृह उघडले, पंखे लावले. वाडीतल्या काही कुटुंबांनी ताडपत्र्या आणल्या, काहींनी धड राहिलेले बोंबील योग्य भावाने विकत घेतले. सगळा माल वाचला नाही. निम्माही वाचला नसेल. त्या बाईच्या प्रश्नाला आजही माझ्यापाशी उत्तर नाही. पण सभागृहाच्या कोपऱ्यात, पोत्यावर बसून, ती आणि माझी आई जवळा निवडीत होत्या. कोणाच्या विहिरीला किती पाणी उरले आहे, ह्याविषयी त्यांचे बोलणे चालले होते. निघताना आईने पदरात बांधून आणलेल्या मोगऱ्याच्या कळ्या काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या. त्या पावसाने फुललेल्या होत्या. तिने त्या घेतल्या, हुंगल्या आणि केसांत माळल्या.